आमवातात स्पा उपचार: पाण्यात उतरण्याआधी, उतरल्यावर आणि घरी परतल्यावर

पहिल्यांदा गरम पाण्याच्या कुंडात छातीपर्यंत उतरले, तेव्हा कित्येक महिन्यांनी माझ्या उजव्या हाताची मूठ पुरती वळली. चारही बोटांची टोकं तळव्याला टेकली. मी ती तशीच धरून उभी राहिले, उघडायचा धीर होईना. पंधरा मिनिटांनी पायऱ्या चढून वर यायला लागले आणि एकेका पायरीसरशी अंगाचं ओझं परत येत गेलं. पाणी कमरेशी आलं तेव्हा गुडघे बोलू लागले, पोटऱ्यांशी आलं तेव्हा घोटे. बाकावर येऊन बसेपर्यंत पाय जड झाले होते. मूठ मात्र पुढचा तासभर वळत राहिली.

तो तासभर कसा वापरायचा हे कळायला मला काही वर्षं लागली. तुमची वर्षं वाचावीत म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो, झिजेचा आजार नाही. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते, ते अस्तर सुजतं आणि वेळीच आवर घातला नाही तर कूर्चा आणि हाड कुरतडलं जातं. हे कुरतडणं थांबवतात ती औषधं: मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलझीन, लेफ्लुनोमाइड, गरज पडल्यास बायोलॉजिक इंजेक्शनं. गरम पाणी, माती, वाफ यांपैकी काहीही ते थांबवत नाही. स्पाकडून मागायचं ते इतकंच: दुखणं थोडं सैल व्हावं आणि त्या सैलपणात सांधे हलवता यावेत. माझ्या अनुभवात एवढंसुद्धा फार मोलाचं आहे.

पुरावा काय सांगतो

खनिज पाण्यात बसण्याच्या उपचारांवर झालेल्या चाचण्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ सालच्या आढाव्यात एकत्र तपासल्या गेल्या. चाचण्या निघाल्या नऊ, रुग्ण सगळे मिळून ५७९. या पाण्याने आमवातात फायदा होतोच असं ठामपणे म्हणावं इतका भक्कम पुरावा त्यांत सापडला नाही. मृत समुद्राच्या काठी इस्रायली डॉक्टरांनी १९९०च्या दशकात रुग्णांना गरम मातीचे लेप आणि गंधकाच्या पाण्याची स्नानं दिली होती. बारा दिवसांच्या उपचारांनंतर आलेला आराम काही आठवडे, कुणाला तीनेक महिने टिकला. पण गट लहान होते, आणि कामधंदा सोडून समुद्रकाठी विश्रांती घेतल्याचा वाटा त्यात किती हे वेगळं काढणं अवघड आहे.

पाण्यातल्या व्यायामाबद्दल चित्र जरा उजळ आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १३९ रुग्णांचे चार गट केले होते: एकाला पाण्यात व्यायाम, दुसऱ्याला नुसतं कोमट पाण्यात बसणं, तिसऱ्याला जमिनीवर व्यायाम, चौथ्याला शरीर सैल सोडण्याचं तंत्र. चार आठवड्यांनी बरं सगळ्यांनाच वाटलं, पण सांध्यांचा हुळहुळेपणा सर्वांत कमी झाला तो पाण्यात व्यायाम करणाऱ्यांचा. २००७ सालच्या आणखी एका चाचणीत सहा आठवडे, आठवड्यातून एकदा अर्धा तास पाण्यात व्यायाम केलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांनी 'बरंच बरं वाटतं' असं सांगितलं; जमिनीवर व्यायाम केलेल्यांत हे प्रमाण ४७.५ टक्के होतं. चालण्याचा वेग, वेदनेचे गुण अशा मोजमापांत मात्र दोन्ही गटांत तसा फरक नव्हता. म्हणून माझं मत असं झालं आहे की कुठल्या झऱ्यात कुठलं खनिज आहे याच्या मागे धावू नये. त्या पाण्यात हालचाल शिकवणारा जाणकार माणूस आहे का, ते आधी पाहावं.

पाणी काम कसं करतं, तेही थोडक्यात सांगते. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलात की पायांवर साधारण निम्माच भार येतो, छातीपर्यंत गेलात की एक तृतीयांशाच्या आसपास, आणि गळ्यापर्यंत गेलात तर जेमतेम दहावा हिस्सा. उबेने आखडलेले स्नायू सुटतात. पाण्याचा दाब पायांना चहूबाजूंनी सारखा बसतो, त्यामुळे घोट्यांची सूज थोडी ओसरते. त्याच दाबामुळे रक्त छातीकडे सरकतं आणि लघवीची भावना होते. पहिल्या दिवशी मी उगाच घाबरले होते, म्हणून सांगून ठेवते.

आधी डॉक्टरांकडे

जायचं ठरलं की पहिलं काम तिकीट काढण्याचं नाही. तुमच्या रुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे सांधेविकारतज्ज्ञांना, विचारा: माझा आजार सध्या आटोक्यात आहे का? सांधे लालसर, गरम आणि टरटरून सुजलेले असतील तर ती वेळ गरम पाण्याची नव्हे. अशा सांध्याला थंड शेक बरा वाटतो आणि आधी औषध जुळवून घ्यावं लागतं. एकच सांधा अचानक फार दुखू लागला, गरम झाला आणि सोबत ताप आला, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा स्पा विसरून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मान दुखत असेल, मान वाकवली की हातापायांत मुंग्या किंवा करंट आल्यासारखं होत असेल, तर मानेचा एक्स-रे झाल्याशिवाय जाऊ नका. जुन्या आमवातात मानेचे वरचे दोन मणके सैल होऊ शकतात. अशा मानेला कुणी मालिश करताना झटका दिला तर मज्जारज्जूला इजा होण्याची भीती असते. मी तर प्रत्येक ठिकाणी आत शिरतानाच सांगून टाकते: मानेला हात लावायचा नाही.

हृदय कमजोर असणं, रक्तदाब आटोक्यात नसणं, नुकताच झालेला हृदयविकार किंवा पक्षाघात, अंगावर उघडी जखम, ताप, गरोदरपण, हातापायांची संवेदना कमी असणं, यांपैकी काहीही असेल तर निर्णय डॉक्टरांचाच. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर जखम पूर्ण भरून सर्जनने होकार दिल्यावरच पाण्यात उतरा.

औषधांबद्दल थोडं सविस्तर, कारण चूक इथेच होते. माझ्याकडून झाली. एका ठिकाणच्या कर्मचाऱ्याने मला सांगितलं, 'इथे आहात तोवर ती आठवड्याची गोळी बंद ठेवा, अंगातलं विष बाहेर पडू द्या.' बोलणं आर्जवी होतं आणि मला गोळीचा कंटाळा आलेला होता. दोन आठवडे बंद ठेवली. घरी आल्यावर दहा दिवसांत दोन्ही मनगटं सुजली, आणि गाडी रुळावर यायला चार महिने आणि स्टिरॉइड लागलं. तेव्हा गोळी बंद करायची नाही, कुणीही सांगितलं तरी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. प्रवासाच्या गडबडीत तो वार चुकू नये आणि दोनदाही होऊ नये, म्हणून फोनवर गजर लावा. इंजेक्शनं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असतील तर मुक्कामी फ्रिज आहे का ते आधीच विचारा.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर गरम पाण्याने दाब आणखी उतरतो आणि चक्कर येऊ शकते. वेदनेसाठी किंवा हृदयासाठी कातडीवर पट्टी लावत असाल, तर उष्णतेने त्यातलं औषध भराभर रक्तात उतरतं. याबद्दल डॉक्टरांशी वेगळं बोला. मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेणाऱ्या काहींची कातडी उन्हाला लवकर पोळते, तेव्हा कुंड उघड्यावर असेल तर सकाळची किंवा संध्याकाळची वेळ घ्या.

जागा निवडताना

जाहिरातीतले फोटो पाहून काही कळत नाही. फोन करा आणि विचारा.

पाण्याचं तापमान किती? व्यायामाच्या तलावासाठी ३३ ते ३६ अंश आणि नुसतं बसण्यासाठी ३६ ते ३८ अंश ठीक. चाळिशीच्या वरचं पाणी आपल्यासाठी नको. 'सोसवेल इतपत गरम' असं उत्तर आलं तर त्यांच्याकडे थर्मामीटर नाही असं समजा.

पाण्यात उतरायला पायऱ्या आहेत की शिडी? आमवाताच्या हातांना शिडीची दांडी घट्ट धरवत नाही. रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा आणि न घसरणारी फरशी हवी.

पाणी किती वेळा तपासतात? हा प्रश्न विचारताना संकोच करू नका. आपली औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. गरम, बुडबुड्यांच्या टबात नीट निर्जंतुकीकरण नसेल तर कातडीवर पुरळ उठवणारे स्यूडोमोनास जंतू वाढतात, आणि त्याच्या फवाऱ्यातून लिजनेला नावाचे जंतू श्वासात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. निसर्गातल्या उघड्या गरम झऱ्यात डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. अशा पाण्यात क्वचित आढळणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूत जातो आणि तो आजार जवळजवळ नेहमी जिवावर बेततो.

आमवाताचे रुग्ण हाताळलेला फिजिओथेरपिस्ट आहे का? याला होकार मिळाला तर बाकीच्या थोड्याफार उणिवा मी चालवून घेते.

युरोपात काही ठिकाणी रेडॉन हा किरणोत्सारी वायू असलेल्या पाण्याची स्नानं देतात. एका जर्मन अभ्यासात सहा महिन्यांनंतर वेदनेत थोडा फायदा दिसला होता. तरी मी स्वतः तिकडे जाणार नाही. साध्या कोमट पाण्याने काम भागत असताना किरणोत्सार कशाला अंगावर घ्यायचा, असं मला वाटतं.

निघण्याआधीचा आठवडा

एक छोटी वही घ्या. रोज तीन गोष्टी लिहा: सकाळी सांधे मोकळे व्हायला किती मिनिटं लागली, मूठ वळल्यावर बोटांची टोकं तळव्यापासून किती दूर राहिली, आणि दिवसभराची वेदना शून्य ते दहांत किती. हे आधी लिहिलेलं नसेल तर परत आल्यावर फरक पडला की नाही हे कळायला काही आधार राहत नाही. मन फसवतं. चांगल्या जागी जाऊन आलेलं मन जास्तच फसवतं.

सामानात पायाला घट्ट बसणाऱ्या रबरी तळाच्या चपला, बटणं नसलेले सैल कपडे, अंगभर टॉवेलचा झगा आणि तुम्हाला स्वतःला उघडता येईल अशा झाकणाची पाण्याची बाटली. अंगठ्या घरीच ठेवा. उबेने बोटं फुगतात, आणि गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते.

पाण्यातली पहिली सकाळ

उठल्याउठल्या जाऊ नका. आखडलेले सांधे घेऊन ओल्या फरशीवर चालणं धोक्याचं. हलकं खाऊन तासभर जाऊ द्या, पेलाभर पाणी प्या, लघवीला जाऊन या, शॉवरखाली अंग धुवा.

कठडा धरून उतरा. बोटांनी आवळून धरण्यापेक्षा पुढचा हात कठड्यावर टेकवून भार द्या. कमरेपर्यंत आल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग छातीपर्यंत जा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरेत, कितीही छान वाटलं तरी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पंधरा, त्यानंतर वीस. त्यापुढे वाढवायची गरज नाही.

पहिली दोन-तीन मिनिटं काहीच करू नका, पाण्याला अंगात मुरू द्या. मग हात पाण्याखालीच ठेवून सुरुवात करा. बोटं सरळ करा. आधी फक्त मधले आणि टोकाचे सांधे वाकवून आकडा करा, सरळ करा, मग पूर्ण मूठ. मूठ आवळायची नाही, मिटायची. अंगठ्याचं टोक एकेका बोटाच्या टोकाला लावत करंगळीपर्यंत जा. मनगट वरखाली करा. तळवा पाण्यात सपाट ठेवून बोटं एकेक करून अंगठ्याच्या बाजूला सरकवा. बोटं करंगळीकडे ढकलली जातील असं काही करायचं नाही, कारण आमवातात ती आपसूकच त्या बाजूला कलत असतात. काही ठिकाणी हातात स्पंजचा चेंडू देऊन जोराने दाबायला सांगतात. बोटांचे सांधे सैल झालेले असतील तर तो नम्रपणे परत करा.

खांद्यांसाठी गुडघे थोडे वाकवून खांदे पाण्याखाली न्या, आणि हात तरंगत बाजूला वर येऊ द्या. पाणीच ते उचलतं, तुम्ही फक्त अडवू नका. जमिनीवर जो हात खांद्याच्या रेषेपाशी अडतो, तो इथे सहज वर येतो. गुडघ्यासाठी कठड्याला पाठ टेकून एक पाय पुढे सरळ करा, तीन आकडे मोजा, खाली सोडा. घोटे गोल फिरवा. शेवटी पाण्यातच संथ चाला: पुढे, मागे आणि आडवे.

प्रत्येक हालचाल पाच वेळा, पुढच्या दिवसांत दहापर्यंत. पाण्यात दुखणं कमी जाणवतं, म्हणून जास्त होतं. त्यासाठी एक जुना नियम पाळा: व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणं नेहमीपेक्षा जास्त असेल तर आजचं जास्त झालं. उद्या निम्मं करा.

बाहेर येणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, आणि पडापडी तिथेच होते. पाणी कमरेशी येईल त्या पायरीवर मिनिटभर थांबा, टाचा दहा वेळा वरखाली करा, म्हणजे पायातलं रक्त वर चढेल. मग वर या आणि लगेच बसा. अंग कोरडं करून झगा गुंडाळा, पाणी प्या. सुरुवातीला जो तासभर म्हटला तो इथे सुरू होतो. लोक तो झोपून घालवतात. तुम्ही दहा-पंधरा मिनिटं विसावा घ्या आणि मग, सांधे उबदार असतानाच, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम कोरड्या जमिनीवर करा. माझी मूठ, माझा खांदा जो काही सुधारला, तो या वेळात.

माती, मेण आणि मालिश

गरम मातीचा लेप साधारण ४० अंशांचा, वीस मिनिटं. पाठीला, मांड्यांना छान वाटतो. सुजलेल्या सांध्यावर नको. स्टिरॉइडने पातळ झालेली कातडी लवकर भाजते, म्हणून लेप आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायला सांगा.

हातांसाठी मला मेणाचा शेक जास्त आवडतो. वितळलेल्या मेणात हात बुडवून काढायचा, असे सहा-सात थर चढले की प्लास्टिक आणि टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं बसायचं. मेण सोलून काढलं की हात लालसर, मऊ आणि बोटं कणकेसारखी लवचिक असतात. लगेच बोटांचे व्यायाम करायचे. नुसत्या मेणाने फारसं काही होत नाही.

मालिश हलक्या हाताने, फक्त स्नायूंवर.

पुढचे दिवस

साधारणपणे उपचार दोन ते तीन आठवड्यांचे असतात. सलग सहा दिवस पाण्यात जाऊ नका, मध्ये एक दिवस कोरडा ठेवा. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास थकवा येतो, अंग मोडून आल्यासारखं वाटतं. तो बहुधा एक-दोन दिवसांच्या विश्रांतीने जातो. पण नवीन सूज, ताप, पुरळ, धाप, छातीत दुखणं यांना 'उपचार लागू पडतोय' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. त्या दिवशी पाणी बंद आणि डॉक्टरांना फोन.

घरी आल्यावर

आता वही बाहेर काढा आणि तेच तीन आकडे रोज लिहा. पहिले दोन आठवडे बहुतेक छान जातात. त्या काळात व्यायामाची वेळ ठरवून टाका. मी सकाळी आंघोळीनंतरची ठेवली आहे, कारण ऊब फुकट मिळते. ज्या दिवशी आंघोळ लवकर उरकते त्या दिवशी कोमट पाण्याच्या घमेल्यात दोन्ही हात दहा मिनिटं बुडवून तोच क्रम करते: आकडा, मूठ, अंगठा, मनगट. जवळपास कोमट पाण्याचा तलाव असेल तर आठवड्यातून एकदा तिथे अर्धा तास चालणं आणि व्यायाम करणं हे वर्षातून एकदा दूर जाऊन येण्याइतकंच, कदाचित जास्त उपयोगाचं आहे.

महिन्याने आणि मग तीन महिन्यांनी वहीतले आकडे निघण्याआधीच्या आठवड्याशी ताडून पाहा. सकाळचा आखडलेपणा पुन्हा वाढत चालला असेल, तर नवीन स्पा शोधण्याआधी ती वही घेऊन डॉक्टरांसमोर बसा. एक वर्षी माझा आकडा वीस मिनिटांवरून सत्तरवर गेला होता. मला वाटत होतं, पाण्याचा गुण ओसरला. डॉक्टरांनी पानं चाळली, रक्त तपासलं आणि औषधाचा डोस वाढवला. दोन महिन्यांनी आकडा पंधरावर आला.